कुंभारणीचं गुलाबी घर

सोमवार, रंगपंचमीनंतरचा. हजर : अन्वी, सम्यक, आराध्या, थोरला शिवराज, धाकटा शिवराज, अल्फिया, कार्तिक (रडत) आणि मी. गैरहजर : ऊसतोडीला गेलेल्या घरांची मुलं, ती अजून परतलेली नाहीत. आणि मदतनीस शांताबाई. शांताबाई आता रोजच गैरहजर असते, कारण ती निवृत्त होऊन लेकीकडे सेलूला गेली आणि तिच्या जागेवर अजून कोणी आलेलं नाही. तरी हजेरी झाली की माझी मान तिच्या कोपऱ्याकडे वळते. तिथे आता आहाराच्या गोण्या आहेत.

आजचं काम : कुंभारमाशी आणि तिचं घर.

मी अंगणवाडी सेविका आहे. येलदरीच्या धरणापासून फार लांब नाही अशा एका गावात माझी एका खोलीची अंगणवाडी आहे. तीन ते सहा वर्षांची मुलं सांभाळणं, त्यांना शिकवणं, वजनं घेणं, आहार वाटणं, गरोदर बायकांची नोंद करणं, घरोघर भेटी देणं आणि हे सगळं फोनमध्ये भरणं, एवढं काम. दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा असं सांगण्यात आलं, तेव्हा मी आधी मुद्दे काढले. नेमणूक, प्रशिक्षण, बैठका, बदललेले साहेब. वाचून मलाच जांभई आली. म्हणून ते सोडलं आणि कीटकांवर लिहायचं ठरवलं.

होळीपासून पाडव्याच्या पुढपर्यंत आमच्याकडे कीटकांचे दिवस असतात. हे मीच सुरू केलं, वरून आदेश नव्हता. या दिवसांत शिवार उघडं पडतं. तूर निघालेली, हरभरा निघालेला, जमीन तापायला लागलेली. पण कडुलिंबाला मोहर असतो, पळस पेटलेला असतो आणि त्याच्याभोवती जे उडतं, सरपटतं ते बघायला पैसे पडत नाहीत. नियम एकच : आधी कीटक बघायचा, मग करायचा. पाय किती, कंबर कुठे, पंख पाठीवर मिटतो की आडवा राहतो. चार वर्षांचं मूल हे सगळं बघतं. बघायला वेळ मात्र द्यावा लागतो.

सामान घरातलं. शहरात अशा कामासाठी रंगीत कागदाची पाकिटं मिळतात म्हणे. आमच्याकडे लग्नसराई असते, त्यामुळे लग्नपत्रिका भरपूर. पत्रिकेच्या आत जो पातळ, अर्धवट आरपार दिसणारा कागद असतो त्याचे माशीचे पंख सुरेख होतात. चिंचोक्याचं पोट, तुरीच्या दाण्याचं डोकं, खराट्याच्या हिराच्या मिशा. फुटक्या बांगडीच्या तुकड्याचे पाय होत नाहीत, बोटं कापतात, ते मी बंद केलं. ज्वारीच्या ताटाची साल काढली की आत पांढरा, हलका भेंड निघतो. त्याचा चतुर होतो आणि तो इतका हलका असतो की दोऱ्याला टांगला तर पंख्याशिवाय हलतो. अर्ध्या मसुराच्या डाळीचे ठिपके, भेंडीच्या देठाचे ठसे, कांद्याच्या सालीची फुलपाखरं. डिंक बाभळीचा. फेव्हिकॉल फक्त तपासणीला कोणी येणार असेल तर.

‘घरातलं रिकामं सामान आणा’ एवढंच सांगून मात्र चालत नाही. शेतकऱ्याच्या घरात रिकामं म्हणून जे सगळ्यात देखणं असतं ते फवारणीच्या औषधाचं बूच. लाल, निळं, जाड, आटे असलेलं. धाकट्या शिवराजनं एकदा मुठीत धरून आणलं होतं, ढालकिड्याची पाठ करायला. मला वास आला म्हणून कळलं. त्याचे हात तीनदा साबणानं धुतले, बूच खड्डा करून पुरलं आणि तेव्हापासून सामान सांगताना काय आणायचं ते नंतर सांगते, काय आणायचं नाही ते आधी.

दुसरं एक प्रकरण अळीचं. लग्नपत्रिकांच्या गुलाबी पट्ट्या गुंडाळून मुलांनी अळ्या केल्या होत्या. दोरा ओढला की वळवळतात. अन्वी आपली अळी घरी घेऊन गेली. तिचा बाप गणेश कापसाचा शेतकरी. दुसऱ्या दिवशी सकाळी तो अळी हातात घेऊनच आला.

“बाई, हे काय शिकवायलाव लेकरांना?”

“अळी आहे.”

“आळी हाय ते दिसायलंय मला. गुलाबी कामून केली? औंदा अर्धा कापूस हिनं खाल्ला. घरात यिऊन बगतो तर पोरगी हिला पाळण्यात घालून जोजवायलीय!”

“मग कोणत्या रंगाची करू?”

तो विचारात पडला. मग म्हणाला, “हिरवी करा. न्हाई, हिरवी बी नगं. हिरवी हरबऱ्यावर पडती.” आणि स्वतःच हसला. त्यानंतर आमच्याकडे अळ्या निळ्या असतात. निळी अळी आमच्या शिवारात काही खात नाही.

हे मजेचं झालं. ज्यासाठी लिहायला घेतलं ते पुढचं आहे आणि ते याच घरातलं आहे.

या घरात माणसं अशी. म्हातारी कौसाबाई, तिचे दोन मुलगे गणेश आणि विलास, दोन सुना. थोरल्या सुनेची मुलगी अन्वी. धाकटी सून रेणुका, विलासची बायको, माहेर सोनपेठचं. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. थोरली शेतात जाते, त्यामुळे अन्वीला अंगणवाडीत सोडायला आणि न्यायला रेणुकाच येते. तिची वेणीही तीच घालते. गावात कोणाची ओटी भरायची असली की सगळ्या सुनांना बोलावणं जातं, रेणुकाला जात नाही. तोंडावर कोणी काही म्हणत नाही. फक्त बोलावणं जात नाही.

शांताबाई गेल्यापासून दुपारचा माझा वेळ अवघड झालाय. मुलं गेली की खोली एकदम मोठी होते. टांगलेले चतुर हलत राहतात. मी झाडते, भांडी घासते, फोनमध्ये भरते, आणि घरी जायची घाई करत नाही, कारण घरीही कोणी नाही. नवरा वारला त्याला आता पुष्कळ दिवस झाले. मुलगा चाकणला कंपनीत आहे, रविवारी फोन करतो. अशा दुपारी रेणुका अन्वीला न्यायला आली की थोडी टेकते. दोघींच्या बोलण्यात फार काही नसायचं. ती पंखांना डिंक लावून द्यायची, मी मोजून ठेवायचे. पण कोणीतरी बसलेलं असायचं.

गेल्या वर्षी मी तिला परभणीच्या दवाखान्यात घेऊन गेले होते. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुझ्यात काही दोष नाही, पुढच्या वेळी मालकांना आण. विलास काही आला नाही. “मला काय झालंय?” म्हणाला. विषय तिथे थांबला.

तर त्या सोमवारी आम्ही कुंभारमाशी करत होतो. गावात तिला कुंभारीण म्हणतात. बारीक कंबरेची माशी, तोंडात ओली माती आणून भिंतीच्या कोपऱ्यात मडक्याएवढं, म्हणजे बोराएवढ्या मडक्यासारखं घर बांधते. त्यात अळी आणून ठेवते, अंडं घालते, तोंड लिंपते आणि निघून जाते. पिल्लू बाहेर येतं तेव्हा आई नसते. हे शेवटचं मी मुलांना सांगत नाही.

आमच्या घरासाठी माती कोणती घ्यायची हा खरा प्रश्न असतो. काळी माती वाळली की चिरते. गावाच्या पांढरीतली, म्हणजे गावठाणातली माती चाळून घ्यायची आणि तिच्यात कापूस बारीक पिंजून मिसळायचा, मग ती धरून राहते. हे मला शांताबाईनं शिकवलं, ती चूल अशीच घालायची. त्या दिवशी मुलांचे तळवे अजून रंगानं गुलाबी होते आणि बादलीच्या बुडाशीही रंग बसलेला. माती मळली तीच गुलाबी.

गोळ्या वळता वळता सम्यक म्हणाला, “बाई, मही आजी म्हंती, कुंभारीण घरात आली की बाळ येतं.”

“बाळ येतं, पण माशीचं,” मी म्हणाले. “पिल्लू तिचंच असतं, आपलं नसतं. हात चालव.”

असं आमच्याकडे खरंच मानतात. घरात कुंभारणीनं घर केलं की बाया ते पाडू देत नाहीत. कार्तिकला पुन्हा रडू आलं होतं, त्याच्याकडे गेले आणि विषय संपला असं मला वाटलं. घरं खिडकीत वाळत ठेवली. निघताना बघितलं तर अन्वीच्या घराच्या जागी ओला डाग होता. ती आपलं ओलंच घेऊन गेली असेल, मुलं नेतात.

आठवडा गेला असेल. कौसाबाई अंगणवाडीत आली. म्हातारी सहसा इकडे येत नाही. आली, उंबऱ्यावर बसली, पदरानं तोंड पुसलं.

“बाई, तुमच्या त्या फोनमदी आमच्या रेणुकाचं नाव घाला.”

“कशात?”

“पोटुशा बायांत.”

माझ्या हातातलं पातेलं मी खाली ठेवलं. आनंदच झाला. “पाळी कधी चुकली?”

“चुकंल की.”

“म्हणजे अजून चुकली नाही?”

“तुमी बी काय बाई! कुंभारीण बसलीय तिच्या खोलीत. ती बी साधी न्हाई, कुंकवाच्या मातीची हाय. म्या जनमात आसं घर बगितलं न्हाई. देवीनंच धाडली. माज्या टायमाला बसली व्हती तवा आमचा गणेश झाला.”

“मावशी, फोन शेवटच्या पाळीची तारीख विचारतो. कुंभारीण कधी बसली ते विचारत नाही.”

“मंग तुमचा फोनच अडाणी हाय,” म्हणाली आणि उठून गेली.

कुंकवाची माती म्हटल्याबरोबर मला कळायचं ते कळलं होतं. तरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय बोलायचं नाही, ही माझी पद्धत. दुपारी गृहभेटीला गेले.

रेणुकाची खोली आतली, अंधारी. कोनाड्याच्या वरच्या कोपऱ्यात, पलंगावर उभं राहिलं की चार वर्षांच्या मुलीचा हात जाईल एवढ्या उंचीवर, ते चिकटवलेलं होतं. गुलाबी. तोंड थोडं वाकडं. खाली उदबत्तीची राख पडलेली. कडेला कापसाचे तंतू बाहेर आले होते आणि पोटावर अंगठ्याचा ठसा होता, माझ्या नखाएवढा.

“त्या कोपऱ्याला केरसुनी लावू द्यायली न्हाई मी कुणाला,” कौसाबाई म्हणाली. मग आतल्या बाजूला तोंड करून, “रेणुका, बाईला च्या टाक. न्हाई, तू बस, थोरलीला टाकू दे.”

रेणुका बसून होती. मी तिला त्या घरात बसलेलं कधी बघितलं नव्हतं. म्हातारीनं तिच्यासमोर वाटीत सायीचं दही ठेवलं. अन्वी दाराच्या फळीमागून माझ्याकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून. मी तिच्याकडे बघितलं तेव्हा तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

मी चहा घेतला. काय बोलणार होते? ‘मावशी, हे माझ्याकडचं हस्तकलेचं काम आहे’? म्हातारीसमोर, त्या वाटीसमोर?

दुसऱ्या दिवशी रेणुका अन्वीला न्यायला आली तेव्हा मी अन्वीला बाहेर खेळायला पाठवलं आणि सरळ विषय काढायचा ठरवला. माझ्याआधी तीच बोलली.

“ताई, तुमी काल काय वळखलं ते मला ठाऊक हाय.”

“तुला माहीत होतं?”

“पयल्याच दिवशी. पोरगी घरी आली ते नखात गुलाबी माती. मीच काढली काडीनं. इचारलं तर म्हंती, ‘काकू, तुला बाळ येनार हाय, पर कुनाला सांगू नको.’”

बाहेर अन्वी दगडावर दगड ठेवत होती. रेणुका तिच्याकडेच बघत बोलत होती.

“मग तू बोलली का नाहीस?”

“कामून बोलू? लग्न झाल्यापासून पयल्यांदा सासूबाईनं मला इचारलं, जेवली का म्हनून. हे बी घरी लवकर यायलेत. येतानी जिंतूरहून द्राक्षं आनली व्हती. आन पोरीला काय सांगू, तू खोटं केलंस म्हनू? तिनं तर खरंच केलं.”

“पण पाळी आली की?”

“येईल की. दर म्हैन्याला येतीच ती. तवर ऱ्हाऊ द्या ना, ताई.”

मी व्यवहारी बाई आहे. कामाचे तुकडे पाडून एकेक संपवणं मला जमतं. मला वाटलं, आता घर मऊ झालंय, आताच विलासला दवाखान्यात न्यावं. मी कौसाबाईला गाठलं आणि पटेल असं सांगितलं : “मावशी, कुंभारीण एकटी घर बांधते. माणसाचं तसं नसतं. विलासचीही एकदा तपासणी होऊ द्या.”

म्हातारीचं तोंड बदललं. “माज्या लेकाला? त्याला काय धाड भरलीय? देवीनं धाडलेलं सोडून तुमचा दवाखाना मधीच कुठून आला?”

आता वाटतं, तिथे थांबायला नको होतं. तिच्याशी भांडायचं तरी होतं किंवा तिला वगळून थेट विलासशी बोलायचं होतं. पण विलास पुरुष माणूस, विषय असला, आणि शांताबाई असती तर तिनं कसं हसत हसत त्याला गाठलं असतं हे मी मनात घोळवत राहिले. शांताबाईला फोन केला तर तिकडे नातू रडत होता. “नंतर बोलू, बाई,” म्हणाली. नंतर मीच केला नाही.

त्या घरात अजून बाजूला बसायची पद्धत आहे. त्यामुळे पाळी आली की लपत नाही, सगळ्या घराला कळतं. पाडव्यानंतर रेणुका बाजूला बसली. कौसाबाई म्हणाली, कुंभारीण कधी कधी उशीर करते. दही सुरू राहिलं. पुढच्या महिन्यात पुन्हा बाजूला बसली. मग दही बंद झालं. मग कामं परत आली, पाणी, शेण, भांडी. आणि वैशाखात, घर सारवायला काढलं तेव्हा म्हातारीनं उलथन्यानं कोपरा खरवडला.

आतून अळी निघाली नाही. कापूस निघाला.

हे मला अन्वीनं सांगितलं, तुकड्यातुकड्यानं. आजी म्हणाली, कुंभारणीला कापूस कुठून मिळाला? कोणी केलं हे? अन्वीची आई अन्वीकडे बघायला लागली. तेवढ्यात काकू बाजूच्या खोलीतून म्हणाली, “म्या केलं.”

“पर म्या केलं व्हतं, बाई,” अन्वी म्हणाली. “मग काकू कामून म्हनली?”

मी तिच्या हातात चिंचोके दिले. तिनं ते परत ठेवले.

त्या दिवशी त्या घरात काय काय बोलणं झालं ते मला सगळं माहीत नाही. देवाच्या नावानं फसवलं, म्हातारीला उदबत्त्या लावायला लावल्या, फुकटचं बसून खाल्लं. विलासचं एवढंच कळलं : तो दुधाचे कॅन घेऊन निघून गेला. दोन दिवसांनी रेणुकाचा भाऊ सोनपेठहून आला. ती एसटीत बसली तेव्हा मी थांब्यावर होते. तिच्याकडे एक पिशवी होती. म्हणाली, “ताई, अन्वीची येनी जरा सैल घालायला सांगा, तिचं डोकं दुखतं.” गाडी आली.

मी त्याच संध्याकाळी कौसाबाईकडे गेले. उभ्यानंच सांगितलं, “मावशी, ते रेणुकानं केलेलं नाही. माझ्याकडे मुलांनी केलं होतं. अन्वीनं आणून लावलं. काकूला बाळ व्हावं म्हणून.”

म्हातारी निवडत होती, ताटातली डाळ. हात थांबले.

“मंग तिनं आपल्यावर कामून घेतलं?”

“अन्वीला मार बसू नये म्हणून.”

तिनं ताटातली डाळ बोटानं सारली. मग म्हणाली, “पोटची न्हाई तरी...” आणि वाक्य सोडून दिलं. खडा काढला, टाकला. “पर तिला ठावं तर व्हतं ना? उदबत्ती लावायले तवा बगत बसली.”

“हो. माहीत होतं.”

“मंग?”

“मावशी, तुम्ही तिला दही वाढत होतात.”

म्हातारीनं ताट बाजूला केलं. “आता बोलून बसले मी. तिच्या भावाच्या समोर बोलले. म्या जाऊन आनू का तिला? आनायचं तर नवऱ्यानं आनावं. इलासला सांगा.”

म्हणजे सगळं फिरून विलासपाशीच आलं.

जूनमध्ये अन्वीचं नाव जिंतूरच्या इंग्रजी शाळेत घातलं. रोज सकाळी पिवळी गाडी येते. माझ्या अंगणवाडीवरून जाते तेव्हा ती खिडकीत असते. वेणी घट्टच असते. थोरल्या शिवराजचंही नाव त्याच शाळेत गेलं. पट कमी झाला आहे, त्याबद्दल वरून विचारणा होते, मी उत्तर देते. दुपारी खोलीत मी असते आणि दोऱ्याचे चतुर. ऊसतोडीची मुलं मध्यंतरी होती, आता त्यांचे आईबाप परत निघायच्या तयारीला लागलेत.

विलासला मी पावसाळाभर काही बोलू शकले नाही. दोनदा निघाले, दोनदा दुसऱ्या कामाला वळले. पोळा झाला आणि त्यानंतर एका दुपारी तोच आला. दारात उभा राहिला, चप्पल काढू की नको असं करत. मी शंकासुराच्या शेंगांचे नाकतोडे रंगवत होते, उगाच, मुलं नव्हती तरी.

“बाई, बसायलाव का?”

“या की.”

आत आला नाही. वर टांगलेल्या चतुरांकडे बघत राहिला. “हे आमच्या अन्वीनं केलेलं कोनतं?”

मी दाखवलं. एक पंख लांब, एक आखूड. त्यानं हात वर केला, लावला नाही.

“ते परभनीचं,” तो म्हणाला, “मान्साची तपासनी बी तितंच असती का?”

“तिथंच. खोली वेगळी असते. फार वेळ लागत नाही.”

“कुनाला कळतं का?”

“तुम्ही सांगितलं तरच.”

“दोष निगाला तर?”

“तर औषध असतं. कधी नसतं. पण मग तो रेणुकाचा नाही, एवढं तरी घरात कळेल.”

त्याची मान खाली गेली. मला वाटलं, आता हा जाणार. “तुमी येताल का संगं? मला तितलं काय कळत न्हाई.”

“येते. कधी जायचं? आणि विलासभाऊ, परभणीहून सोनपेठची गाडी मिळते. दवाखान्यातून सरळ पुढे जाता येईल.”

हे ऐकून त्यानं माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं. गळ्यातला रुमाल काढून तोंड पुसलं. “बगू,” म्हणाला, “सांगतो.”

त्यानंतर महालक्ष्म्या आल्या-गेल्या, दसरा आला. सोयाबीनच्या राशी चालू आहेत, माणसाला वेळ नसतो, हे खरं आहे. दोन्ही गाड्यांच्या वेळा मी विचारून ठेवल्या आहेत. डॉक्टरीणबाई कोणत्या वारी बसतात तेही विचारलं आहे. रोज सकाळी तो डेअरीवर दिसतो, कॅन खाली ठेवतो, पावती घेतो. भोवती चार माणसं असतात आणि हा विषय चार माणसांत काढायचा नाही. कधी माझी नजर गेली की तो गाडीचं चाक बघायला लागतो. रेणुकाचा फोन येत नाही, मीही तिला अजून काही कळवलेलं नाही, काय कळवणार?

‘सांगतो’ म्हणाला होता, सांगितलेलं नाही. आता मीच विचारलं पाहिजे. तो एकटा सापडायचा राहिला आहे.